छत्तिसावी खोली कुठंय?

१९७८ सालचा एक कुंगफू सिनेमा. फायटिंग कमी, प्रॅक्टिस जास्त. कुणी म्हणतं कडक, कुणी म्हणतं पकाऊ. पहाटे ग्राउंड मारणाऱ्या आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात काय दिसेल?

येत्या रविवारी एक काम करा. चार-पाच जण गोळा व्हा, कुणाच्या तरी घरचा टीव्ही ताब्यात घ्या आणि 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' लावा. लाइट गेली होती ही सबब चालणार नाही, आपण दीपनगरचे आहोत. मोबाइल बाजूला ठेवा आणि पिक्चर संपला की एकेकाला विचारा, कसा वाटला?

पैज लावून सांगते, एकमत होणार नाही. या सिनेमाची गंमतच ती आहे. येऊन आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी लोक त्याच्यावरून भांडतात. अमेरिकेतल्या 'वू-टँग क्लॅन' या रॅप ग्रुपनं १९९३ मध्ये आपल्या पहिल्याच अल्बमच्या नावात हे ३६ चेंबर्स घेतले. क्वेंटिन टॅरेंटिनोनं 'किल बिल'च्या दोन्ही भागांत याच सिनेमाच्या हिरोला, गॉर्डन लिऊला, वेगवेगळे रोल दिले. आणि तुम्ही 'चांदनी चौक टू चायना' (२००९) पाहिला असेल, तर अक्षय कुमारला छळणारा तो व्हिलन होजो आठवा. तोही हाच गॉर्डन लिऊ. म्हणजे तुम्ही त्याला आधीच भेटलाय, फक्त ओळख झाली नव्हती.

आधीच्या पिढीला असले पिक्चर माहीत आहेत. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायचे, त्यात एखादा 'कराटेचा पिक्चर' हमखास असायचा. कुंगफू असो की आणखी काही, आपल्याकडे सगळं 'कराटे'च. घरी बाबांना किंवा काकांना विचारून बघा. गोष्ट विसरले असतील, पण हातवारे करून एखादी फाइट नक्की दाखवतील.

गोष्ट एवढीशी

चीनमधलं कँटन शहर. मांचू राजवट, जुलमी सेनापती. एक साधा विद्यार्थी, तुमच्या-माझ्या वयाचा. त्याचे शिक्षक बंडात सामील आहेत, म्हणून हाही सामील होतो. बंडाचा सुगावा लागतो. शाळा उद्ध्वस्त होते, घरचे आणि मित्र मारले जातात. हा जखमी अवस्थेत पळतो आणि लपतछपत शाओलिन मठात पोचतो. डोक्यात एकच, कुंगफू शिकायचं आणि सूड घ्यायचा.

मठात त्याला नाव मिळतं सान ते आणि हातात मिळतो झाडू. वर्षभर झाडलोट. मग कुठं शिकायची परवानगी. मठात शिक्षणाच्या ३५ खोल्या आहेत, एकेका खोलीत एकेक कौशल्य. आपला हिरो काय करतो? सरळ सगळ्यात वरची, पस्तिसावी खोली मागतो. आत जातो, तिथल्या भिक्खूंसमोर त्याचा निभाव लागत नाही आणि एका फटक्यात बाहेर फेकला जातो. मग मुकाट्यानं खालून सुरुवात.

हा मठ आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. शाओलिनची स्थापना इसवी सन ४९५ मधली आणि ती भारतातून गेलेल्या एका भिक्खूसाठी झाली. त्याच्या जरा आधी, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, अजिंठ्याची बरीचशी लेणी कोरली जात होती. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. शाळेच्या सहलीत तुम्ही तिथल्या विहारांमधल्या छोट्या दगडी खोल्या पाहिल्याच असतील. सान तेच्या मठातला तो खोल्यांचा जग बघताना त्या आठवतील. बोधिधर्मानं चीनला कुंगफू शिकवलं, हा मेसेज मात्र पुढे पाठवू नका. अभ्यासक ती नंतरची दंतकथा मानतात. सिनेमातल्या पस्तीस खोल्याही इतिहासातून नाही, दंतकथेतून आल्यात.

आता मतांकडे येऊ. तुमच्या ग्रुपमध्येही साधारण हीच निघतील.

मत पहिलं : अर्धा पिक्चर नुसती प्रॅक्टिसच!

हे मत खोटं नाही. सिनेमा दोन तासांच्या आतला आणि त्यातला जवळपास पाऊण तास हिरो शिकतोच आहे. ना व्हिलन, ना गाणं, ना लव्ह स्टोरी.

पहिली खोली तर खोलीही नाही, जेवणघराच्या वाटेवरचं पाण्याचं टाकं आहे. पाण्यावर लाकडाच्या मोळ्या तरंगतायत. त्यांच्यावर पाय देत पलीकडे जायचं. जमलं तर जेवण, नाही तर डुबकी. सान ते पडतो. पुन्हा पडतो. सगळे झोपल्यावर रात्री एकटाच येऊन सराव करतो.

पुढे दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. दंडांना सुरे बांधलेले. हात खाली आले की टोक स्वतःच्याच बरगडीत. मग लांबलचक बांबूच्या टोकाला जड हातोडा आणि त्यानं घंटेवर ठोके द्यायचे, मनगट तुटेस्तोवर. मग डोळ्यांची खोली. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पेटत्या उदबत्त्या, समोर हलणारा दिवा. मान न हलवता नुसत्या नजरेनं दिवा पकडायचा. मान वळली की चटका. मग टांगलेल्या वाळूच्या पिशव्यांना डोक्यानं धडका देत पुढे जायचं आणि बुद्धासमोर उदबत्ती लावायची.

ज्यांना पिक्चर बोअर वाटतो, त्यांना हा भाग पळवावासा वाटतो. आपला अंगठा आता तसाच तयार झालाय. रीलमध्ये आपण फक्त शेवटची किक बघतो. त्या किकच्या मागचं वर्ष कुणी अपलोड करत नाही, केलं तर कुणी बघत नाही. ज्यांना पिक्चर आवडतो, त्यांना नेमका हाच भाग आवडतो. आणि माझं निरीक्षण असं, की ज्यानं कधी तरी पहाटे पाचला उठून ग्राउंड मारलंय, त्याला हा भाग लांब वाटत नाही. सोळाशे मीटरच्या तिसऱ्या राउंडला पोटात काय होतं ते ज्याला माहीत आहे, त्याला त्या बादल्यांचं वजन पडद्यावरूनही कळतं.

आपल्या तालमीतही नवख्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. आधी माती खणायची, हौदा साफ करायचा, जोर-बैठका मारायच्या. वस्तादानं डाव कधी दाखवायचा ते वस्तादच ठरवतो. त्यामुळे सान तेच्या हातातला झाडू बघून आपल्याकडचा एखादा जुना पैलवान हसेलच.

मत दुसरं : फायटिंग खोटी वाटते

हेही ऐकू येणार. आवाज तर विचारूच नका. हात हवेत फिरला तरी चाबूक मारल्यासारखा 'सप्प' आवाज. ओठ एकीकडे, डायलॉग दुसरीकडे. त्यामागे कारण आहे. त्या काळात हाँगकाँगचे सिनेमे बहुतेक आवाजाशिवाय शूट व्हायचे. संवाद, ठोसे, तलवारी, सगळं नंतर स्टुडिओत भरायचे. वर आपण बघतो ती बऱ्याचदा इंग्रजी डब केलेली प्रिंट. म्हणजे डबिंगवर डबिंग. हसू येणारच, हसून घ्या.

पण हसून झाल्यावर एक गोष्ट नीट बघा. कॅमेरा. आजच्या ॲक्शनमध्ये एका फाइटचे किती तुकडे असतात ते मोजा. ठोसा एका शॉटमध्ये निघतो, दुसऱ्यात लागतो आणि तिसऱ्यात माणूस उडतो. मध्ये स्टंट डबल, मध्ये ग्राफिक्स. इथे मात्र दोन माणसं डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये दिसतात आणि एका दमात बरेच हात करतात. चूक लपवायला जागाच नाही.

हे जमलं कारण दिग्दर्शक लाऊ कार-लिऊंग स्वतः कुंगफूवाला होता. दिग्दर्शक होण्याआधी कितीतरी वर्षं तो फाइट बसवायचं काम करायचा. त्याचे वडील लाऊ चाम हे लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम साई-विंग हे थेट वाँग फेई-हुंग यांचे. वाँग फेई-हुंग म्हणजे ज्यांच्यावर जेट ली, जॅकी चॅनपर्यंत सगळ्यांनी सिनेमे केले, तेच. आपल्याकडे गाण्याच्या घराण्याबद्दल बोलतो ना, तसं हे 'हुंग' घराणं. गॉर्डन लिऊ याच कुटुंबाच्या तालमीत वाढला. म्हणजे पडद्यावरची फाइट बसवलेलीच आहे, पण ती करणारं अंग खरोखर तयार झालेलं आहे. नाटकातला तबलजी आणि नाटकात तबला वाजवल्याचं सोंग करणारा नट, यात जो फरक असतो तो इथे दिसतो.

मत तिसरं : मुली कुठं आहेत?

हे मत ग्रुपमधली एखादी मैत्रीण मांडेल आणि बाकीचे गप्प बसतील, कारण उत्तर नाहीच. सिनेमाभर पुरुषच पुरुष. मठ म्हणून समजून घेऊ, पण मठाबाहेरही तेच. जगाला कुंगफू शिकवायला निघालेल्या हिरोला शिकणाऱ्यांत मुली दिसत नाहीत.

ही या सिनेमाची मर्यादा आहे, ती झाकायचं कारण नाही. पण म्हणून सगळ्या कुंगफू सिनेमांवर फुली मारू नका. याच्याही आधी, १९६६ मध्ये, किंग हू या दिग्दर्शकाच्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये चेंग पेई-पेई तलवार घेऊन उभी होती, तेही मुख्य भूमिकेत. आणि सान तेच्याच दिग्दर्शकानं १९८१ मध्ये 'माय यंग आंटी' केला. त्यातली कारा हुई पुरुषांना लोळवते. त्या भूमिकेसाठी १९८२ मध्ये, हाँगकाँग फिल्म ॲवॉर्ड्सच्या पहिल्याच वर्षी, तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. रविवार दुसरा, पिक्चर दुसरा. ठरवून टाका.

मत चौथं : मेहनत करा, जिंका. एवढंच ना?

हे मत सगळ्यात जास्त टोचतं आणि टोचायलाच हवं.

आपल्या आजूबाजूला बघा. पोलिस भरतीसाठी ५० मार्कांचं ग्राउंड आणि १०० मार्कांचा पेपर. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मेच्या उन्हात, भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, पोरं-पोरी पहाटेच ग्राउंड आटोपून घेतात. काही जण आयटीआय करून अप्रेंटिसशिपची वाट बघतायत. आपल्या डोळ्यांसमोर औष्णिक केंद्राच्या चिमण्या आहेत, ६६० मेगावॅटचा नवा संचही आला, पण गेटच्या आत जाणारी रांग काही प्रत्येकापर्यंत पोचत नाही. काही जण एमपीएससीच्या तिसऱ्या-चौथ्या अटेम्प्टला आहेत.

यांना 'घाम गाळा, यश तुमचंच' असं सांगणारा पिक्चर दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ नाही का? सान तेला वयोमर्यादा नव्हती. त्याची भरती पुढे ढकलली गेली नाही. पेपर फुटला नाही. जागा चार आणि उमेदवार चार हजार, असंही नव्हतं. एक खोली पास झाली की पुढच्या खोलीचं दार उघडं. आपल्याकडे पस्तीस खोल्या पास झालेले लोक व्हरांड्यात उभे आहेत.

हा आक्षेप मला पटतो. पण तो घेणाऱ्यांनी शेवटची पंचवीस-तीस मिनिटं पुन्हा बघावीत, असं मी म्हणेन. कारण सिनेमा स्वतःच स्वतःच्या मेहनतीच्या धड्याशी भांडतो.

काय होतं बघा. सान ते सगळ्या ३५ खोल्या पार करतो, इतरांपेक्षा कितीतरी लवकर. मठाचे प्रमुख खूश. म्हणतात, हव्या त्या खोलीचा प्रमुख हो. मठातले एक ज्येष्ठ भिक्खू अडवतात. म्हणतात, आधी मला हरव. त्यांच्या दोन्ही हातांत आखूड रुंद तलवारी. आणि आपला टॉपर हरतो. शस्त्र बदलून येतो, परत हरतो. सगळ्या खोल्यांमध्ये शिकलेलं सगळं वापरून हरतो.

शेवटी बांबूच्या बनात डोकं धरून फिरताना त्याला काहीतरी सुचतं. काठीचे तीन तुकडे, मध्ये जोड. कुठल्याच खोलीत न शिकवलेलं शस्त्र. ते घेऊन येतो आणि मग जिंकतो. म्हणजे पस्तीस खोल्यांनी त्याचं अंग तयार केलं, पण शेवटचं उत्तर सिलॅबसमध्ये नव्हतं.

आणि मग ती खोली

आता खरी गोष्ट. जिंकल्यावर त्याला विचारतात, बोल, कुठली खोली हवी? तुम्ही-आम्ही असतो तर पस्तिसावी मागितली असती. जिथून पहिल्या दिवशी फेकलो गेलो, तिथेच साहेब होऊन बसायचं, याहून भारी काय?

सान ते म्हणतो, मला नवी खोली काढायची आहे. छत्तिसावी. मठाबाहेरच्या साध्या लोकांना शिकवण्यासाठी.

मठ हादरतो. मठाची विद्या बाहेर द्यायची नसते. त्याला शिक्षा होते, बाहेर जाऊन भिक्षा माग. पण प्रमुखांचा चेहरा नीट बघितला तर कळतं की ही शिक्षा म्हणजेच परवानगी आहे. तो बाहेर पडतो, लोक जमवतो. त्यात भाताच्या गिरणीत राबणाराही असतो. सेनापतीचा हिशोबही चुकता होतो, तो आपल्याला अपेक्षित असतोच. पण सिनेमा सूड घेऊन संपत नाही. तो संपतो छत्तिसाव्या खोलीत, साधी माणसं शिकतायत तिथे.

म्हणून 'मेहनत करा, जिंका' हे या सिनेमाचं सार आहे असं मला वाटत नाही. पाऊण तास आपण ज्या खोल्यांना कंटाळतो किंवा ज्यांच्या प्रेमात पडतो, त्या खोल्या आधीच कुणीतरी बांधलेल्या होत्या. सान तेचं स्वतःचं काम तिथून पुढे सुरू होतं. आणि सिनेमाच्या नावात आहे ती खोली पहिल्या दृश्यात कुठेच नाही. ती असते कारण एका पास झालेल्या पोरानं मागे वळून बघितलं.

आपल्या शेजारची खोली

असं खरंच होतं का? धुळ्याहून आग्रा हायवेनं पन्नासेक किलोमीटर गेलात की मालेगाव लागतं. यंत्रमागांचं गाव. तिथं नासीर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. ब्रूस ली, जॅकी चॅनचे पिक्चर बघत आणि दाखवत हा माणूस सिनेमा म्हणजे काय ते शिकला. फिल्म इन्स्टिट्यूट नाही, कोर्स नाही. त्याच्या ३५ खोल्या म्हणजे ते पार्लर.

पुढे त्यानं शिकलेलं पार्लरमध्येच ठेवलं नाही. गावातली माणसं गोळा केली आणि २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. नंतर 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा कामगार. ट्रॉली नव्हती म्हणून सायकल वापरली, क्रेन नव्हती म्हणून बैलगाडी. बांबूच्या बनात सान तेला सुचली त्यातलाच हा प्रकार. फैझा अहमद खान यांनी यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी केली आणि २०२५ मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरमध्ये लागला.

या मंडळींना त्यातून बंगले मिळाले नाहीत. पण यंत्रमागाच्या पाळीतून सुटलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला एक खोली मिळाली, जी आधी गावात नव्हती.

तुमची खोली

आता आपल्याकडे या. ग्राउंडवर बघा. नवीन आलेल्या मुलीला गोळा बोटांच्या मुळाशी धरायचा की तळहातात, हे कोण दाखवतं? नशीब असेल तर एखादी सीनियर ताई. नसेल तर ती सहा महिने चुकीचा गोळा फेकते आणि मार्क गेले की स्वतःला दोष देते. भरती झालेला एखादा दादा सुट्टीला येतो. फोटो होतात, सत्कार होतो, स्टेटस लागतात. त्यातला एखादाच दुसऱ्या दिवशी पहाटे ग्राउंडवर येऊन म्हणतो, चला, मी वेळ लावतो. अभ्यासिकेत पास झालेल्याच्या नोट्स कुठे जातात? रद्दीत की पुढच्या बाकावर?

आणि जे पास झाले नाहीत, त्यांचं काय? माझ्या मते खरा प्रश्न त्यांचा आहे. तीन वर्षं गणित-बुद्धिमत्ता केलेल्या पोराला नोकरी नाही मिळाली, म्हणून त्याला येणारं गणित वाया गेलं का? कॉलनीतल्या दहावीच्या पोरांना ते हवंच आहे. छत्तिसावी खोली पस्तिसावीपेक्षा मोठी पोस्ट नाही. तिला पगार नाही. ती नोकरीच्या बदल्यात मिळणारं समाधान आहे, असंही मी म्हणणार नाही, कारण रिकाम्या खिशाला समाधान पुरत नाही. जागा वाढायलाच हव्यात, भरती वेळेवर व्हायलाच हवी, त्यासाठी बोलायलाही हवं. पण तोवर आपण जे शिकलो ते आपल्यापाशीच गंजू द्यायचं की नाही, हे मात्र कुठल्याही आयोगाच्या हातात नाही.

तर रविवारी पिक्चर लावा. आवाजाला हसा, 'मुली कुठं आहेत' म्हणून भांडा, सेनापतीला शिव्या घाला. संपला की तुमचं मत आम्हाला नक्की कळवा. बोअर वाटला तर तसंच लिहा, इथे कुणी मार्क कापत नाही.

फक्त एक अट. प्रॅक्टिसचा भाग पळवायचा नाही, भो!